मिक्सरचं भांडं चाचांकडे आहे

आजवर मला दोघांनी उधार दिलं. एक बँक, तिनं मला कधी पाहिलं नाही. दुसरे आमचे घरमालक चाचा, ते मला रोज जिना उतरताना पाहायचे. या दोघांपैकी कोणाचे पैसे फिटले आणि कोणाचे नाही, हे मी अगदी शेवटी सांगणार आहे. कारण मला टाळ्या आवडतात, आणि ते सांगितल्यावर टाळ्या मिळत नाहीत. तोवर चाचांची गंमत ऐकून घ्या.

वणीत कोळशाचे ट्रक चंद्रपूरकडे वळतात त्या रस्त्यावर चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं चाचा-चाचींचं घर, वर दोन खोल्या. त्या खोल्यांत आम्ही नवराबायको, महिना बाराशे रुपये किरायानं. सकाळी गच्चीवर टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखाडी होऊन उतरायचा, तेवढं सोडलं तर जागा छान होती.

चाचा सहा फूट उंच होते आणि रुंदीला जवळजवळ नव्हतेच. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिच्या जागी तांब्याची तार. दाढी पांढरीशुभ्र, पण वार्निशचे हात पुसून पुसून हनुवटीपाशी मोसंबीच्या सालीसारखी पिवळी झालेली. आणि नाक! शेतातली पाण्याची मोटार जळाली की लोक ती सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचे. चाचा मोटार उघडायचे, डोळे मिटायचे आणि नुसता वास घ्यायचे.

"व्होल्टेज कमी होतं. तरी चालवली. काहून चालवली?"

आणणारा मान खाली घालायचा. चाचा माणसांचाही असाच वास घ्यायचे. नव्या पोस्टमनचा घेतला, शेजारच्या होणाऱ्या जावयाचा घेतला. जावयाबद्दल म्हणाले, "चालन, पन गरम लवकर होईन." पुढं तसंच झालं.

जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी गुंडाळणं म्हणजे वाइंडिंग. वेढे मोजून घालायचे असतात. चाचा ते तोंडानं मोजायचे, आणि मोजत असताना जगात कोणी बोलायचं नाही. बोललंच तर तर्जनी वर जायची. तरीही बोललं, तर चाचा शांतपणे सगळी तार उलटी उकलायचे आणि पुन्हा एकपासून सुरू. "तुह्या एका नमस्कारापायी साठ वेढे गेले," असं त्यांनी तहसिलातल्या एका साहेबाला ऐकवलं होतं. त्यामुळं दुकानासमोर नेहमी चार-पाच माणसं श्रद्धांजली सभेला उभी असल्यासारखी गप्प उभी दिसायची.

दुकानाचा कायदा एकच. पैसे द्या, मोटार न्या. पैसे नसतील तर मोटार फळीवर राहील. महिना राहो, वर्ष राहो. ठेवण्याचं भाडं नाही, उशिराचा दंड नाही. वेळ गेला म्हणून पैसे वाढवणं त्यांच्या धर्मात पाप होतं आणि त्यांच्या तोंडात व्याज हा शब्दसुद्धा यायचा नाही. कोणी काढलाच तर गुळणी करायला उठतील असं तोंड करायचे.

प्रत्येक मोटारीला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं बांधलेली असायची. ती चाची लिहायच्या, उर्दूत. चाचा शाळेत गेले नव्हते. सकाळी चाची मोठ्यानं पेपर वाचायच्या आणि हे ऐकायचे. चिठ्ठीवर फक्त नाव आणि गाव. रक्कम कधीच नाही. रक्कम चाचांच्या डोक्यात.

पूर्वी म्हणे कापूस विकला की दुकानापुढं रांग लागायची. "कापूस आला की नेतो" हा आमच्याकडचा वायदा, आणि तो सगळे पाळायचे, कारण कापूस यायचा आणि त्यामागून पैसे यायचे. मी होतो त्या वर्षांत कापूस यायचा, पैसे यायचे नाहीत. फळ्या भरल्या. मग जमीन भरली. तांबं महाग होत चाललं होतं आणि चाचांच्या खिशातलं तांबं त्या दुरुस्त मोटारींच्या पोटात अडकून पडलं होतं. काही चिठ्ठ्या चाचींनी सकाळचा पेपर वाचून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवल्या होत्या. त्या तशा का, हे मी एकदाच विचारलं. चाचांनी तर्जनी वर केली. त्या वेळी त्यांच्या हातात तार नव्हती.

आता माझी एंट्री. मी तेव्हा एका बियाणं कंपनीचा विक्रेता होतो. मोटारसायकल, बॅग, मारेगावपर्यंतचे दुकानदार माझ्याकडे. पगार बेताचा, खरा पैसा कमिशनचा, आणि कमिशन कापूस आल्यावर. पेट्रोल पंपावर एका टायवाल्या पोरानं छत्रीखाली टेबल मांडलं होतं. वणीच्या उन्हात टाय! मी तिथंच अर्धा विरघळलो. त्यानं मला 'सर' म्हटलं तेव्हा उरलेला अर्धा. पगाराची स्लिप दिली आणि पंधरा दिवसांत क्रेडिट कार्ड घरी. एक माझ्या नावाचं, एक बायकोच्या.

फ्रिज घेतला, रंगीत टीव्ही घेतला. दिवाण, मिक्सर, कूलर. नागपूरला जाऊन आठ हजारांचं खाल्लं आणि नेसलं. दर महिन्याला बिल यायचं, त्यावर एक छोटी रक्कम असायची, कमीत कमी एवढे भरा. मला वाटलं, किती भले लोक! हे आपल्या किराणावाल्यासारखे आहेत. मधेमधे थोडे द्या, तोंड दाखवा, बाकीचे कापूस आल्यावर. मी बी.कॉम. आहे, हे इथं नोंदवून ठेवा. त्या बँकेची वणीत शाखा नव्हती, चेक पाठवायचा तर नागपूरला. तो पोचेपर्यंत तारीख उलटायची आणि दंड लागायचा. त्या वर्षी दिवाळीत कमिशन आलंच नाही. दुकानदारांचे पैसे गावात अडकले, कंपनीचे दुकानदारांकडे, माझे कंपनीकडे.

मी कार्डाच्या अर्जावर संपर्कासाठी चाचांच्या दुकानाचा फोन दिला होता. एका सकाळी बँकेच्या माणसानं तिथं फोन लावला आणि चाचांना अर्धा तास माझ्याबद्दल काय काय सांगितलं. चाचा वर आले. दारातच थांबले, डोळे मिटले, नाक वर केलं.

"जळून राह्यलं."

बायको स्वयंपाकघराकडे पळाली. "नाही चाचा, गॅस बंद आहे."

"गॅस नाई बेटी. घर." मग माझ्याकडे वळून, "किती?"

"बावन्न हजार."

"अन् सामान कितीचं घेतलं?"

आम्ही हिशेब केला. वस्तू चौतीस हजारांच्या, खाल्लं-नेसलं आठ हजारांचं. एकूण बेचाळीस.

"मंग बावन्न कायले म्हनतो? बेचाळीस बोल."

"वरचे दहा व्या–"

चाचांनी तर्जनी वर केली.

तेव्हाच मी तो शब्द पुरा करायला हवा होता. ही आमची सगळ्यांची चूक, पण चाचा अडाणी होते आणि मी बी.कॉम. होतो, त्यामुळं ती चूक माझी. मी शब्द गिळला, कारण बेचाळीस हा आकडा बावन्नपेक्षा ऐकायला फार गोड होता.

चाचांनी निकाल दिला. "पैसे दिल्याशिवाय सामान दुकानातून गेलं, हेच चुकलं. आता ते वापस दुकानात जाईन. एकेका वस्तूचे पैसे भर, एकेक वस्तू ने."

"तुमच्या दुकानात?"

"त्या दुकानवाल्याले अक्कल असती तर त्याच्या दुकानात ठेवलं असतं."

मी हसलो. बायको हसली नाही. तिला दुसरा महिना होता. ती म्हणाली, "चाचा बरोबर बोलून राह्यले. माह्यं लेकरू उधारीच्या घरात नाही येणार. तोपर्यंत नाही फिटलं तर मी पांढरकवड्याले आईकडे जाते, अन् मंग वापस नाही येत." तिचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मला भीती वाटली.

"अन् किराया?" मी विचारलं.

"किराया मंग पाहू. पह्यले त्यायचे दे."

दुसऱ्या दिवशी आमचा संसार जिन्यावरून खाली उतरला. फ्रिजचं एक टोक चाचांकडे, एक माझ्याकडे. समोरच्या पानठेल्यावर अफवा पसरली की माझी नोकरी गेली. संध्याकाळपर्यंत त्या अफवेत बायको पण गेली होती. जळक्या मोटारींच्या मधोमध आमचा फ्रिज उभा राहिला, टीव्हीवर चाळीस किलोची एक मोटार बसली. चाचींनी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या नावापुढं गाव काय लिहायचं, यावर चर्चा झाली. चाचा म्हणाले, "लिही, माडीवाला."

बँकेची पाकिटं यायची ती चाचा न फोडता वार्निशच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. "कागद वाचून पैसे फिटत नाई. देऊन फिटते." मला हे तत्त्वज्ञान फार पटलं. पाकीट न फोडण्यात जे सुख आहे ते कर्जदारालाच कळेल.

आधी खाल्लेल्याचे आठ हजार. "जे दिसत नाई ते पह्यले," हा चाचांचा क्रम. मग दिवाण. मग मिक्सर. मी टीव्हीसाठी गयावया केली, मॅच होत्या. चाचांनी माझा वास घेतला आणि फ्रिजचा नंबर लावला. पैसे भरल्याची पावती दाखवली की चाचा पक्कड घ्यायचे, चिठ्ठीची तार कट्‌ करून तोडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "सुटला!" दुकानासमोरची गप्प माणसं टाळ्या वाजवायची. दुसऱ्याचं काही सुटताना पाहून त्या वर्षांत लोकांना फार आनंद व्हायचा.

आम्ही दोन वेळा भाजी करणं सोडलं. मी मारेगावला चहा सोडला. पगारातले सहा हजार दर महिन्याला नागपूरला जायचे.

कूलर शेवटी ठेवला होता, कारण क्रम ठरला तेव्हा हिवाळा होता. मग एप्रिल आला. वणीचा एप्रिल ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. सातवा महिना लागलेली माझी बायको एका दुपारी जिना उतरून दुकानात गेली आणि कूलरवर हात ठेवून उभी राहिली.

"चाचा, हा द्या."

"टीव्हीचे राह्यले बेटी. मंग कूलर."

"टीव्ही नको मले. जन्मात नको. हा द्या."

"लिहिलं तसंच होईन."

"तुमी कसाई आहे का हो?"

चाचांनी खरंच तार गुंडाळायला घेतली होती आणि चाळिसाच्या पुढं गेले होते. त्यांनी ती उकलली. पण पुन्हा एकपासून सुरू केली नाही. बाजूला ठेवून उठले, बाहेर गेले. तासाभरानं वाळ्याच्या दोन ताट्या खांद्यावर टाकून आले, आमच्या खिडक्यांना स्वतः बांधल्या. त्यानंतर दीड महिना रोज दुपारी एक वाजता बादली घेऊन सहा फुटांचा तो म्हातारा जिना चढायचा, ताट्या भिजवायचा, कोणाशी न बोलता उतरायचा. पुन्हा तीन वाजता.

आणि खाली स्वतः आमच्या कूलरला टेकून घामानं निथळत बसायचे. एकदा चाचींना चक्कर आली. मी धावत खाली गेलो आणि कूलरची वायर हातात घेतली. चाचांनी ती काढून घेतली. "लोकायची वस्तू हाय."

"चाचा, ते लोक म्हणजे मी! मी परवानगी देतो."

"तू नाई. तुहे पैसे अजून त्यायच्याकडे नाई पोचले." आणि पुठ्ठ्यानं चाचींना वारा घालत राहिले. तसंही भारनियमन होतं, लाईन चारला यायची होती. पण हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मे महिन्यात टीव्हीही सुटला आणि शेवटी कूलर. चाचांनी शेरवानी घातली. तार तोडली. "सुटला!" चाचींनी ईद नसताना शीरखुर्मा केला. पानठेलेवाला आला, ट्रकचे दोन ड्रायव्हर आले. चाचांनी सगळ्यांना सांगितलं, "ह्या घरावर कोनाचा एक पैसा नाई. मी सांगतो." मग सवयीनं डोळे मिटून वास घेतला. म्हणाले, "थंड हाय."

बायकोला आठवा सरत होता. ती म्हणाली, "तो डबा द्या. ती पाकिटं मी माझ्या हातानं चुलीत घालते."

घालण्याआधी तिनं सगळ्यात वरचं फोडलं. नुसतं कुतूहल म्हणून.

तेवीस हजार चारशे.

मी तो कागद खाली चाचांना दाखवला. चाचींनी आकडा वाचून सांगितला. चाचांनी कागदाचा वास घेतला.

"हे कोनत्या वस्तूचे?"

"कोणत्याच नाही, चाचा."

"मंग कशाचे?"

आता मी तो शब्द पुरा बोललो. सात महिने उशिरा. आधीचे दहा हजार तसेच होते आणि वर प्रत्येक महिन्याला नवे चढले होते. आम्ही एका बाजूनं वेढे घालत होतो, ती बँक दुसऱ्या बाजूनं उकलत होती. चाचा बसून राहिले. ड्रायव्हर लोक हळूच वाट्या ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं पिशवी भरली. बसमध्ये बसताना म्हणाली, "चाचाले काही म्हणू नको. तुले वाचता येत होतं."

त्यानंतर वसुलीवाला आला. काळा गॉगल, पांढरे बूट, वणीत पांढरे बूट म्हणजे माणूस बाहेरचा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर दडून बसलो होतो. माझ्या शौर्याची गोष्ट मी तुम्हाला सांगतो आहे असं समजू नका. चाचा वेढे मोजत होते.

"तो माडीवर राहणारा कुठं आहे?"

तर्जनी वर.

"ओ चाचा, बोट काय दाखवता?"

चाचांनी तार उकलली. पुन्हा एक, दो, तीन. वसुलीवाला पन्नासला बोलला; उकलली. सत्तरला खोकला; त्याचीही उकलली. शेवटी त्यालाच घाम फुटला, तो स्टुलावर बसला आणि एकशे चाळीस वेढे होईपर्यंत शाळेतल्या पोरासारखा गप्प राहिला. वर मी तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. तो माझा त्या घरातला शेवटचा हसण्याचा प्रसंग.

चाचांनी गाठ मारली. "आता बोल. कोनती वस्तू न्यायची?"

"वस्तू नाही, पैसे पाहिजेत."

"पैसे कोन्या तरी वस्तूचे असते. मले वस्तू दाखव, मी आत्ता खाली आनून चिठ्ठी बांधतो."

"तुमचा काय संबंध?"

"सामान माह्या दुकानातून सुटलं. मी लोकायले सांगितलं, पैसे पोचले. तू म्हनतो नाई पोचले. मंग खोटा कोन झाला?"

वसुलीवाल्याला हे कळलं नाही. पण आपल्या धंद्यातलं त्याला कळत होतं. तो रस्त्याच्या मध्यावर गेला आणि ट्रकवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "या घरात चोर राहतो! आणि खालचा म्हातारा त्याला लपवतो!" असं तो आठवड्यातून दोनदा येऊन ओरडायचा. जमणारे लोक खाली मान घालून उभे राहायचे. आता ती माणसं कशासाठी गप्प आहेत ते कळायचं नाही. चाचांचं मोजणं चुकायला लागलं. कोणी बोललं नाही तरी मधेच थांबायचे, तार उकलायचे.

मुलगी झाली. मी पांढरकवड्याला गेलो तेव्हा बायकोनं हातातल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. बँकेचं देणं तोवर एकतीस हजारांवर गेलं होतं. फोनवरच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, एकदम भरा, वीस हजारांत मिटवू. याला सेटलमेंट म्हणतात. खरी रक्कम एक असते आणि दोघं मिळून दुसरी ठरवतात. मग सगळे सुखी. मी ही विद्या तिथं शिकलो. पाटल्या विकल्या, वीस हजार भरले, पत्र आलं.

बायको वणीला परत यायला तयार नव्हती, म्हणून मी पांढरकवड्याला बदली मागून घेतली. दसऱ्याच्या आधी टेम्पो आणला. दिवाळीपासून अकरा महिन्यांचा किराया थकला होता, तेरा हजार दोनशे. चाचांनी एकदाही मागितला नव्हता. मी नाटकी माणूस. टेम्पोपाशी उभं राहून छातीवर हात ठेवला. "चाचा, तुमचा कायदा कायदा आहे. फ्रिज ठेवून घ्या." ते ठेवून घेणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून म्हणालो.

चाचा टेम्पोत चढले. इकडंतिकडं पाहिलं आणि मिक्सरचं स्टीलचं भांडं तेवढं उचललं.

"मोटार ने. भांडं इथं राहीन. एकाबिगर दुसरं चालत नाई. म्हनून येशीनच."

"कापूस आला की येतो, चाचा."

"ये."

चाचींनी चिठ्ठी बांधली.

त्या वर्षी कमिशन आलं. थोडं होतं, पण तेरा हजार होते. बायको म्हणाली, चटणी वाटायची आहे, भांडं घेऊन या. मी बाजारात गेलो आणि नवीन मिक्सर घेतला. रोख. वणीला जाणं, चाचांसमोर उभं राहणं, त्यांनी डोळे मिटून माझा वास घेणं, यापेक्षा नवा मिक्सर स्वस्त पडला. मग दर वर्षी ते अवघड होत गेलं. बँकेचा माणूस रस्त्यात ओरडायचा म्हणून मी बायकोच्या पाटल्या विकल्या. चाचा ओरडत नव्हते, म्हणून ते थांबू शकत होते.

यंदा मुलगी दहावीला आहे. माझं आता पांढरकवड्यात बियाणांचं दुकान आहे. उधारी देतो. वर महिन्याला दोन टक्के लावतो, कारण मी बी.कॉम. आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी वणीला गेलो आणि गाडी आपोआप त्या रस्त्याला वळली असं मी लोकांना सांगतो. वळवायला लावली ती बायकोनं. वाइंडिंगचं दुकान नव्हतं, तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती. चाचा जाऊन चार वर्षं झाली होती. मागच्या घरात चाची होत्या. बायकोला पाहून रडल्या, मला पाहून उठल्या, आणि फडताळातून भांडं काढून आणलं. घासलेलं, चकचकीत. चिठ्ठी तशीच, तार हिरवी पडलेली.

"रोज म्हनायचे, माडीवाला येईन," चाची म्हणाल्या.

मी खिशात हात घातला. लग्नासाठी आणलेले पंचवीस हजार होते.

चाचींनी चिठ्ठी मुठीत धरली होती. "कितीक होते बेटा?"

चिठ्ठीवर रक्कम नसते. रक्कम चाचांच्या डोक्यात असते, आणि ते डोकं आता नव्हतं. मी म्हणालो, "दहा हजार, चाची."

का म्हणालो ते मला विचारू नका. मी खूप शोधलं आहे.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. चाचींनी दहा हजार मोजून घेतले, पक्कड मागवली, तार तोडली. "सुटला," असं हळूच म्हणाल्या. मग चिठ्ठी माझ्या हातात दिली. "हे पन घेऊन जा."

गाडी पांढरकवड्यात शिरल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अकरा महिने होते."

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी मी आमच्या समोरच्या शिंप्याला दाखवली. त्याला उर्दू येतं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"तुमचं नाव हाय. माडीवाला लिहिलं हाय. अन् खाली तेरा हजार दोनशे."

"रक्कम आहे? नक्की?"

"साफ हाय. अक्षर चांगलं हाय. लिहिणाऱ्याले आपलं लिहिलेलं आठोनीत राहीन, इतकं सावकाश काढलं हाय."

भांडं घरी फळीवर आहे. त्याची मोटार कधीच भंगारात गेली. तीन हजार दोनशे रुपये म्हणजे आता काय, एका गिऱ्हाईकाची अर्ध्या दिवसाची खरेदी. देऊन येणारच आहे. यंदाचा कापूस आला की जातो.